गोदाक्काची लेखिका

भामाबाईंची गोदाक्का हैदराबादच्या गौलीगुड्यात राहायची, पण फक्त पुस्तकांत. हरवलेलं मंगळसूत्र, लग्नघरातून पळवलेली चांदीची भांडी, क्वचित एखादा खून, तोही रक्ताचा थेंब न दाखवता. गोदाक्का डोकं लढवायची, चोर पकडायची आणि शेवटी सगळ्यांना चहा करून द्यायची. पुण्याच्या प्रकाशकाने ही पुस्तकं मोबाइलवर ऐकायला आणली, तेव्हापासून तर मराठी धड वाचता न येणारी हैदराबादची पोरंही भामाबाईंना ओळखू लागली. कोठीच्या बाजारात कापड घेताना दुकानदार म्हणायचा, ‘‘अम्मा, गोदाक्का आयी!’’ भामाबाईंना ते आवडायचं.

त्या दुपारपर्यंत आवडायचं.

त्यांच्या शेजारच्या घरात सुधीर आणि भाग्यलक्ष्मी राहत. सुधीरचं बेगम बाजारात सुक्या मेव्याचं दुकान. भाग्यलक्ष्मीच्या दंडावर कधी कधी वळ दिसत; विचारलं तर ती म्हणे, ‘‘दाराला लागलं, काकू.’’ त्या दुपारी ती पापड आणायला गच्चीवर गेली. भामाबाई आपल्या दारात मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. तिच्या मागोमाग सुधीर तरातरा जिना चढून गेला. वरून भांडणाचा आवाज आला, मग खाली काहीतरी आदळलं आणि सुधीर एकटाच जिना उतरून मागच्या दाराने बाहेर पडला.

भाग्यलक्ष्मी जागीच गेली. लोक म्हणाले, पाय घसरला. सुधीर म्हणाला, मी दुकानात होतो. दुकानातल्या माणसांनी मान डोलावली.

भामाबाई पोलीस स्टेशनला गेल्या. नवरे भगवंतराव नको नको म्हणत होते, तरी गेल्या. साहेबांनी अदबीने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, ‘‘अम्मा, मेरी सास आपकी गोदाक्का रोज सुनती. आप कहानियाँ लिखते ना, आपकू हर जगह खूनीच दिखता होएंगा.’’ पोलीस हसले. कोणीतरी चहा आणला. भामाबाईंनी तो घेतला नाही.

भाग्यलक्ष्मीचे भाऊ निझामाबादहून आले, रडले आणि परत गेले. भामाबाईंनी त्यांनाही सांगितलं. थोरला भाऊ म्हणाला, ‘‘पुस्तकात ठीक आहे, काकू.’’

मग उरलं एकच. त्यांनी लिहायला घेतलं. नावं बदलली, पण जिना तोच ठेवला, नवरा तोच ठेवला. गोदाक्का त्यात नव्हतीच. वाचून पुण्याहून संपादक शर्वरीचा फोन आला.

‘‘काकू, भाषा सुरेख आहे. पण गोदाक्का कुठंय?’’

‘‘ह्यात तिचं काम नाही.’’

‘‘लोक तिच्यासाठी तर घेतात! आणि नवरा गुन्हेगार नको हो. बायका भाजी चिरता चिरता ऐकतात, शेजारी नवरा बसलेला असतो. बाहेरचा कोणीतरी दाखवा ना, बांगड्यांच्या लोभाने आलेला.’’

‘‘मग हे नको छापू.’’

‘‘नाही छापलं तर हे कोणापर्यंतच पोचणार नाही, काकू.’’

आठवडाभर भामाबाई घरात येरझारा घालत राहिल्या. निदान ती घसरली नाही, तिला ढकललं, एवढं तरी लोकांच्या कानावर पडेल, असं मनाला समजावत त्यांनी गोदाक्काला आत घेतलं. नवऱ्याला बाहेर काढलं आणि एक भुरटा चोर जिन्यावर आणला.

पुस्तक कधी नव्हे इतकं चाललं.

एके दिवशी सुधीर दारात उभा राहिला. हातात पुस्तक आणि काजू-पिस्त्यांचा डबा.

‘‘काकू, सही द्या. मी फोनवर ऐकलं, दोनदा. ही आमच्या लक्ष्मीचीच गोष्ट आहे ना?’’

भामाबाईंनी पुस्तक हातात घेतलं नाही.

‘‘लोकांची नजर बदलली बघा. आधी कुजबुजायचे. आता दुकानात येऊन विचारतात, चोरच होता का रे? मी म्हणतो, काकूंना सगळं ठाऊक.’’ त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. ‘‘फार मोठे उपकार केलेत.’’

‘‘सुधीर, मी तुला जिना चढताना पाहिलंय.’’

तो आत आला. मग डबा हळूच टेबलावर ठेवत म्हणाला, ‘‘तुम्ही तर लिहिलंय, काकू, चोर होता म्हणून.’’

त्यांनी सही केली नाही. तो पुस्तक घेऊन गेला. डबा त्यांनी त्याच्या दाराशी नेऊन ठेवला. पण त्या दिवसापासून आपण काय करून बसलो, हे त्यांना झोपू देईना. गोदाक्का बंद करते म्हटलं, तर शर्वरी हसली, ‘‘करार आहे, काकू, अजून दोन द्यायचीयत.’’ खरं काय ते पुन्हा कुणाला सांगावं, तर आता त्यांचंच पुस्तक त्यांच्या आड उभं होतं.

वर्षाच्या आत सुधीरने दुसरं लग्न केलं. भामाबाईंनी मुलीचं माहेर शोधलं, फोन लावला. तिकडून वडील गोड आवाजात म्हणाले, ‘‘तुमचं पुस्तक ऐकूनच तर आमचा संशय फिटला, ताई.’’

त्याची नवी बायको, मृण्मयी, हळदीच्या हातांनी नमस्कार करायला आली. हसरी, जेमतेम चोवीस-पंचवीसची. ‘‘अय्या, तुम्हीच का गोदाक्कावाल्या! पुढच्या गोष्टीत मला घ्याल?’’

‘‘नाही,’’ भामाबाई म्हणाल्या. ‘‘तुला नाही घ्यायची. फोन आण तुझा.’’

मृण्मयीला गंमत वाटली. भामाबाईंनी आपला नंबर तिच्या फोनमध्ये टाकला, एकदा लावून पाहिला आणि घंटी वाजल्यावर तिचा हात धरून म्हणाल्या, ‘‘त्याने हात उचलला, की त्याच मिनिटाला मला लाव. आणि गच्चीवर एकटी जाऊ नकोस.’’

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, पण हात सोडवून घेतला नाही.

‘‘काकू, ही गोष्ट आहे ना?’’

‘‘नाही, बाळा,’’ भामाबाई म्हणाल्या, आणि तिला घरात घेऊन दार लावून घेतलं.