अभ्यास पूर्ण झाल्याचा शेरा

नवे परिपत्रक आले त्या आठवड्यात डोंगरांत वणवे पेटलेले होते. आमच्या वर्गातले लोक तोंडाला मास्क बांधून थाई स्वर गिरवत होते. विलायताईंच्या घराच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, परदेशी लोकांना थाई शिकवायची आमची शाळा चालते. वरच्या वर्गाला त्या शिकवतात, खालच्या वर्गाला मी. थाई शिकणाऱ्याला अभ्यासाचा व्हिसा मिळतो, दर काही महिन्यांनी त्याची मुदत वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी शाळेचे पत्र लागते. इतकी वर्षे ते पत्र पुरत असे.

आता पत्राखेरीज तोंडी परीक्षाही होती. ती आम्ही शिक्षक घेणार नव्हतो, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातला अधिकारी घेणार होता. त्यामागचे कारण आम्हाला पटत होते. मोठ्या शहरांत काहींनी शाळेच्या नावाखाली व्हिसा विकायला काढले होते. विद्यार्थ्यांची नावे पटावर आणि विद्यार्थी समुद्रकिनाऱ्यावर, असा तो कारभार होता. त्यामुळे ज्याला काहीच येत नाही त्याला मुदतवाढ नाही, हे कलम आम्ही मान डोलावून वाचले. त्याखालचे कलम विलायताईंनी मोठ्याने वाचले आणि मग पुन्हा एकदा, सावकाश वाचले. ज्याला पुरेशी थाई येते त्याचा अभ्यासाचा हेतू सफल झाला असे समजावे, व त्यालाही मुदतवाढ देऊ नये.

"म्हणजे शिकला नाही तर घालवा, आणि शिकला तरी घालवा," ताई म्हणाल्या.

"मधोमध राहायचं," मी म्हणालो.

"मधोमध म्हणजे कुठे?"

ते परिपत्रकात नव्हते.

माझ्या वर्गातला आस्गर हा डॅनिश तरुण मात्र बरोबर मधोमध होता. तो दुपारी उठतो, मनात आले तर वर्गाला येतो, आणि त्याची थाई जेवण मागवण्यापुरती व रिक्षावाल्याशी भांडण्यापुरती आहे. अधिकाऱ्याने त्याला विचारले, इथे काय आवडते. तो म्हणाला, "खाओ सोय. नूडल्स. तिखट. मस्त." त्याला शिक्का मिळाला. आनंदाने तो आम्हा सगळ्यांसाठी भाजलेली केळी घेऊन आला.

"बाई, मी पास झालो."

"होणारच," विलायताई म्हणाल्या. "तू शिकतच नाहीस, तुला कसली भीती?"

भीती होती ती ब्रेदांची.

ब्रेदा स्लोव्हेनियातल्या सेल्ये गावच्या. त्यांचा मुलगा आमच्या गावात सागवानी फर्निचरच्या धंद्यात होता आणि इथल्याच मुलीशी लग्न करून राहिला होता. चार वर्षांपूर्वी लाम्फूनच्या रस्त्यावर अपघातात तो गेला. सून तैवानमधल्या कारखान्यात कामाला गेली. त्या दोघांची मुलगी खाओफांग, आता आठ वर्षांची, बाजारामागे आपल्या आईच्या आईकडे, खामपन आजींकडे राहते. मुलाच्या अंत्यविधीला ब्रेदा आल्या तेव्हा त्यांच्यात आणि नातीत एकही शब्द सामाईक नव्हता. नात त्यांच्या मांडीवर बसून रडत होती, आणि ती काय म्हणते आहे हे त्यांना दुसऱ्यांना विचारावे लागत होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी आमच्या शाळेत नाव घातले. आज ती पोरगी त्यांच्याशी गृहपाठावरून भांडते आणि त्या तिला तिच्याच भाषेत गप्प करतात.

निवृत्तांच्या व्हिसासाठी बँकेत जेवढी ठेव दाखवावी लागते तेवढी त्यांच्याकडे कधीच नव्हती. थाई माणसाशी लग्न केलेल्याला इथे राहता येते, थाई मुलाच्या आईवडिलांना राहता येते. आमच्या भाषेत बापाच्या आईला एक शब्द आहे आणि आईच्या आईला दुसरा. नियमांच्या पुस्तकात दोघींनाही शब्द नाही. म्हणून ब्रेदा विद्यार्थिनी होत्या. आता ते विद्यार्थीपण टिकले तर नात जवळ राहणार होती.

परीक्षेला विलायताई आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. अधिकारी तरुण आणि हसतमुख होता. कुठे राहता, असे त्याने विचारले. ब्रेदांनी बाजारामागच्या गल्लीचे असे वर्णन केले, तिथल्या डुकराच्या सॉसेजवाल्याची आणि त्याच्या बायकोची अशी नक्कल केली, की शेजारच्या टेबलावरची माणसेही हसू लागली. अधिकाऱ्याने डोळे पुसले आणि विलायताईंना विचारले, "कशा आहेत अभ्यासात?"

आमच्याकडे परदेशी माणसाने नुसते हात जोडून नमस्कार म्हटले, तरी समोरचा म्हणतो, वा, काय छान थाई बोलता. ती रीत आहे. त्यात शिक्षकाला विद्यार्थ्याबद्दल विचारले तर दुसरे उत्तर तोंडात येतच नाही. विलायताई विचारणाऱ्या प्रत्येकाला जे सांगत आल्या तेच बोलून गेल्या.

"साहेब, माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. माझ्या उभ्या आयुष्यात अशी विद्यार्थिनी झाली नाही."

वाक्य संपेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता, पण वाक्य संपले होते. अधिकाऱ्याने मनापासून अभिनंदन केले आणि लिहिले: अभ्यास पूर्ण, मुदतवाढ नाही. फेरविचारासाठी वरिष्ठांकडे अर्ज करता येईल, असे त्याने स्वतःहून सांगितले. तोवर राहायला पंधरवडा दिला.

बाहेर झेरॉक्सच्या टपरीसमोरच्या बाकावर विलायताई बसून राहिल्या.

"मीच घालवलं तुम्हाला, ब्रेदाताई."

"तुम्ही खोटं तर नाही बोललात."

"खोटंच बोलायला हवं होतं."

मग तो पंधरवडा आम्ही आमच्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीला वाईट थाई शिकवण्यात घालवला. स्वर सपाट करा, विलायताई सांगत. मध्येच अडा. शब्द आठवत नसल्यासारखं माझ्याकडे बघा. ब्रेदा अडत, पण नेमक्या जिथे थाई माणूस अडेल तिथे अडत. शेवटी मी आस्गरला बोलावले. त्याने थोडा वेळ ऐकले आणि दोष सांगितला.

"तुम्ही फार लक्ष देऊन ऐकता, ब्रेदा. ऐकायचं नाही. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत हसायचं आणि जेवणाबद्दल बोलायला लागायचं."

"आणि प्रश्न जेवणाचा नसेल तर?"

"मला अजून तसा प्रश्न कुणी विचारला नाही."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही खामपन आजींकडे जेवायला होतो. चटईवर चिकट भाताची टोपली, भाजलेल्या मिरच्यांची चटणी आणि उकडलेल्या भाज्या होत्या. ब्रेदांनी सराव म्हणून मोडके बोलून चटणी मागितली.

"विहीणबाई, आता माझ्याशीही असंच बोलत जा," खामपन आजी म्हणाल्या. "घरात जरा शांतता तरी राहील."

"तुम्ही बोलायच्या थांबल्यात तर ना."

खाओफांग हसली नाही. तिने भाताचा गोळा टोपलीत परत टाकला.

"शाळेत मी सगळ्यांना सांगितलंय, माझी गोरी आजी आपल्यासारखंच बोलते. परवा शाळेच्या कार्यक्रमाला तू येशील तेव्हा ऐका म्हणून. आणि तू असं येड्यासारखं बोलणार?"

"शाळेत नाही गं. फक्त साहेबांसमोर. एकदाच."

"साहेबांनी सांगितलंय खोटं बोलायला?"

"तसं नाही."

"मग?"

खामपन आजींनी तिच्या ताटलीत मासा वाढला आणि काटे काढून खा म्हणाल्या.

वरिष्ठ अधिकारी एक बाई होत्या. त्यांचे टेबल नीटनेटके होते आणि आवाज मऊ होता. त्यांनी ब्रेदांना दिवस कसा जातो ते सांगायला सांगितले. प्रश्न संपायच्या आत ब्रेदा हसल्या.

"मी ब्रेदा. मी... थाई आवडतो. भात छान. धूर... धूर खूप."

आस्गरलाही अभिमान वाटावा असे ते झाले. अधिकारी बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, तशीच उत्तरे मिळाली. मग त्या खुर्ची वळवून कारकुनाशी बोलल्या. समोरच्या परदेशी म्हातारीला यातले काही कळत नाही हे त्यांनी धरूनच चालले होते.

"चार वर्षं, आणि हे एवढं येतंय. या म्हाताऱ्या बाईला मी दोष देत नाही. शाळा कसली, दुकान आहे. आमच्या माणसाने आधी चांगला शेरा कसा दिला तेही विचारायला हवं. या मास्तरीणबाईंची फाइल काढ. परवाना रद्द करायला वर पाठवू."

विलायताई मान खाली घालून ऐकत होत्या. टेबलाखाली त्यांनी ब्रेदांचा गुडघा दाबून धरला, गप्प राहा म्हणून. मला ते दिसत होते. अजून थोडा वेळ सगळे गप्प राहिले असते, तर कदाचित ब्रेदांना शिक्का मिळालाही असता. ब्रेदांनी तो हात हळूच बाजूला केला.

"मॅडम, त्यांची फाइल काढू नका," त्या म्हणाल्या. "मला थाई येते. या बाईंनी शिकवली. आत्ता वाईट बोलले तेही यांनीच शिकवलं, आणि ते जास्त अवघड गेलं. पण तुमच्या नियमाला तेच हवंय. माझी नात आठ वर्षांची आहे. तिच्या बापाला आम्ही इथे अग्नी दिला. तिला ताप आला की ती ज्या भाषेत कुरकुरते ती मी शिकले. आता तुम्ही म्हणता, शिकलात ना, मग जा. मी ही भाषा बोलू कुणाशी? आमच्या सेल्येच्या बाजारात, बटाटे विकणाऱ्याशी? शिकवायचीच नव्हती तर पाटी कशाला लावलीत, या आणि आमची भाषा शिका म्हणून?"

आवाज चढलेला नव्हता. कारकुनाचा हात कपाटाच्या खणावर थांबला होता. अधिकारी बाईंनी खुर्ची पुन्हा ब्रेदांकडे वळवली.

"तुम्ही खरंच फार छान बोलता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कारकुनाला फाइल राहू दे अशी खूण केली, पेन घेतले आणि ब्रेदांच्या कागदावर लिहिले: अभ्यास पूर्ण.

"नियम मी केलेला नाही," त्या म्हणाल्या.

"पण शेरा तुम्हीच लिहिताय," विलायताई म्हणाल्या. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत विलायताई गणवेशातल्या माणसाला उलटून बोलल्याचे मी पाहिले नव्हते.

बाईंनी राग धरला नाही. उलट थोड्या पुढे झुकून, ओळखीच्या माणसाला सांगावे तसे सांगितले, "दुसरी भाषा घ्या. परिपत्रक फक्त थाईपुरतं आहे. मॉलमध्ये इंग्रजीचे वर्ग आहेत, प्राथमिक. त्यांचं पत्र घेऊन या, मी स्वतः बघते."

ब्रेदांनी सेल्येच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवले होते. अर्जावर व्यवसायासमोर फक्त 'निवृत्त' लिहिले होते, आणि आजवर कोणी पुढे विचारले नव्हते. विलायताईंनी बोलायला तोंड उघडले. ब्रेदांनी त्यांच्याकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली.

"इंग्रजी अवघड असते म्हणतात," ब्रेदा अधिकारी बाईंना म्हणाल्या. "प्रयत्न करते."

त्यासाठी त्यांना देशाबाहेर जाऊन नवा व्हिसा काढून यावे लागले. व्हिएनतियानला जाऊन त्या परत आल्या. आता त्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाशेजारी, इंग्रजी मुळाक्षरे गिरवतात. शिकवणारा मनिलाचा रोडेल नावाचा मुलगा आहे. तो मनापासून शिकवतो आणि त्यांच्या प्रगतीचे फार कौतुक करतो. वर्ग नेमका खाओफांगची शाळा सुटायच्या वेळेला असतो, त्यामुळे तिला आणायला आता गुडघे धरत खामपन आजी जातात. आमच्या वरच्या वर्गातली खिडकीजवळची जागा रिकामी आहे. विलायताईंनी त्या कलमाबद्दल वर तीन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. आस्गरला परवा पुन्हा मुदतवाढ मिळाली.

गेल्या रविवारी मी खामपन आजींच्या घरी गेलो होतो. ब्रेदा गृहपाठाच्या वहीत 'माझे नाव', 'माझे घर' यांवरची वाक्ये लिहीत होत्या आणि खाओफांग शेजारी बसून त्यातली इंग्रजी स्पेलिंगे चुकवून देत होती.

"इंग्रजी यायला तुला किती वर्षं लागतील?" तिने विचारले.

"तू किती वर्षांनी मोठी होशील?"

पोरीने हिशेब करायला घेतला. चुलीपाशी बसलेल्या खामपन आजी मागे न वळता म्हणाल्या, "विहीणबाई, काही घाई करू नका. आणि त्या मास्तराला सांगा, तुमचं कौतुक जरा कमी कर म्हणावं."