पाहुणी आणि राखणदार

या मायांनो, या बाबांनो, मागं भिंतीला टेकू नका, असे पुढं सरका. धारूरच्या उमाबाईंची आणि त्यांच्या रुद्राणीची गोष्ट ऐकवायची आहे. घरी जाताना पावलं हलकी होतील, हा शब्द.

रुद्राणी उमाबाईंची नात. तिचा बाप रवि आणि आई प्रणिता एकाच आजारानं, एचआयव्हीनं गेले, आणि तोच पोरीच्या रक्तात ठेवून गेले. ते गेल्यावर सरकारी दवाखान्यात त्यावरच्या गोळ्या मिळू लागल्या, आणि अंथरुणाला खिळलेली पोर मोकळ्या वासरासारखी हुंदडायला लागली. आजोबा ईश्वरप्पांच्या किराणा दुकानात, शाम्पूच्या पुड्यांच्या माळांखाली बसून दिवसभर टाळ बडवायची. गल्लीला त्या गोळ्या 'ताकदीच्या' म्हणून माहीत. यंदाच्या शिवनाम सप्ताहात कीर्तनकार सत्यशीलाताईंच्या मागं टाळ धरून उभं राहायचं, असं ठरलं होतं तिचं!

आणि सप्ताह बसला त्याच सकाळी पोरीच्या पाठीवर पाण्यानं भरलेले फोड उठले. कांजिण्या.

उमाबाईंनी हात जोडले. "देवी आई आली घरात." दाराला कडुलिंबाचा ढाळा लागला, चुलीवरची फोडणी बंद झाली, आणि गोळ्यांची बाटली देव्हाऱ्यामागं गेली. आई घरात असताना औषध द्यायचं नाही, ही सासूकडून आलेली रीत. उमाबाईंनी ती मायेपोटीच पाळली.

दुसऱ्या दिवशी ताप भडकला. फोड तोंडात उतरले. संध्याकाळपर्यंत पोरीला धाप लागली.

"उमे, डॉक्टर काय म्हनले ते इसरलीस?" ईश्वरप्पांनी विचारलं. "दुसरा कोनताबी ताप आला, गोवर म्हना, कांजिन्या म्हना, की आतला झोपलेला आजार जोर धरतो. तवा गोळी चुकवायची न्हाई, आन लगीच दवाखाना गाठायचा!"

"अवो, हळू बोला! आई ऐकती. कोपली म्हंजी?"

"आन पोरीला काय झालं म्हंजी? का म्हून असा हट्ट धरतीस?"

"साबन इकता आन दवाखान्याच्या गोष्टी सांगता. दारातून हलायची न्हाई पोर."

ईश्वरप्पांनी चपला उलटसुलट पायात सरकवल्या. "माझं न्हाई, डॉक्टरचं न्हाई. मग तू ऐकतीस कुनाचं, ते ठावं हाय मला," म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

उमाबाईंचा जीव कीर्तनात. पण आई घरात असताना मंडपात जाता येत नव्हतं. देवळावरचा कर्णा मात्र थेट त्यांच्या खिडकीकडं तोंड करून होता. पोरीचे ओठ ओल्या फडक्यानं भिजवत त्या ऐकत बसल्या. अभंग संपला. क्षणभर कर्णा गप्प झाला, कुणीतरी कुजबुजल्यासारखं वाटलं, आणि सत्यशीलाताईंचा खणखणीत आवाज आला.

"एक घर होतं मायांनो! माळ्यावर चोर दडलेला. दारात राखणदार बसलेला, म्हणून चोर गप. तेवढ्यात पाहुणी आली, लई मानाची! घरधनीण राखणदाराला म्हणाली, पाहुणी आलीय, तू ऊठ, घरी जा." मंडप खदखदून हसला. "हसता काय? पाहुणचाराच्या गडबडीत चोर खाली उतरला की! पाहुणीच्या मानासाठी राखणदार हाकलावा लागतो का?"

"न्हाई!" मंडप गरजला.

"बोंबलला वाटतं आमचा म्हातारा तिथं जाऊन," उमाबाई संतापल्या. पण नाव कुणाचं घेतलं नव्हतं, आजाराचंही नाही. आणि कर्णा पुन्हा बोलला: "अगं, पाहुणी आईच असेल तर तीच विचारील, माझ्या लेकराचा राखणदार कुठं गेला?"

उमाबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या उठल्या, देव्हाऱ्यापुढं उभ्या राहिल्या. "आई, तू बस. पर ह्यालाबी बसू दे." बाटली काढली, गोळी कुटली, पाण्यात कालवली. पोरीनं डोळे न उघडताच चमचा तोंडात घेतला!

बाहेर जीप थांबली, ताईंना सप्ताहासाठी गावात घेऊन आलेली तीच. चालक हनुमान ओरडला, "चला आज्जी! ताईनं कीर्तनातूनच धाडलं. भिऊ नका, मला कांजिन्या लहानपनीच येऊन गेल्यात."

"ताईला समदं सांगितलं?" उमाबाईंनी पोरीला पदरात गुंडाळत विचारलं.

"ताईला. गावाला न्हाई," जीपमधून उतरत ईश्वरप्पा म्हणाले.

घाटातून जीप अशी सुटली की हनुमानला ओरडावं लागलं, "आज्जी, माझा दंड सोडा, गाडी वळवू द्या!" तरी उमाबाईंचं 'शिवा शिवा' थांबेना. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "रोजच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"मीच चुकवल्या," उमाबाई म्हणाल्या. "आज दिली पुन्हा."

"सांगितलंत ते बरं केलंत. आता थांबवू नका," म्हणत त्यांनी सलाईनमधून कांजिण्यांचं औषध सुरू केलं.

उमाबाईंनी डॉक्टरांना विचारून खाटेला लिंबाची डहाळी बांधली. तिच्याखाली गोळी रोज वेळेवर पोटात जात राहिली. आणि एका सकाळी ठण, ठण! रुद्राणी चमच्यानं पेला बडवत होती, अगदी तालात. ईश्वरप्पा रडायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले.

पुढच्या वर्षीच्या सप्ताहात ती ताईंच्या मागं उभी राहिली. अंगावर कांजिण्यांचे वण, हातात टाळ. उमाबाई सगळ्यांत पुढं बसलेल्या.

आता एवढंच करा. दिवेलागणीला दिवा लावाल तेव्हा रुद्राणीच्या आईची, प्रणिताची आठवण काढा. तिच्या दारात बसायला राखणदार आलाच नव्हता.