डाव्या हाताची पेटी

थोरल्या जावेला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. पाय सावरले, जीभ तर पूर्वीपेक्षा धार लावून परत आली, पण डावा हात काही वळेना. पुढच्या खोलीत तिचा कीबोर्ड होता. त्यावर तिने गल्लीतल्या निम्म्या पोरांना वाजवायला शिकवलं होतं. आता त्यावर चादर पडली होती आणि चादरीवर इस्त्रीला द्यायचे कपडे.

धाकटी जाऊ कानाच्या मशीनच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायची. दिवसभर भिंगाखाली नखाएवढे भाग जोडायचे, हाच तिचा धंदा. ते कपडे रोज बघून बघून एक दिवस तिने मनाशी खूणगाठ बांधली. थोरली उजव्या हाताने चाल वाजवू शकत होती. अडत होतं ते डाव्या हाताच्या कॉर्डपाशी, म्हणजे तीन-तीन सूर एकदम दाबायचे तिथे. ते पायाने दाबता आले तर? एक लाकडी पेटी, तिच्यावर पायाने दाबायच्या पट्ट्या, आत छोटंसं सर्किट आणि तिथून कीबोर्डला वायर. याला मिडी म्हणतात, एवढं तिला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. तो बँडमध्ये वाजवायचा.

"वायरीतून आवाज जात नाही बरं का," तो म्हणाला होता. "निरोप जातो. अमुक सूर दाबला, अमुक सोडला. वाजवायचं काम कीबोर्डचं."

"एवढंच ना? हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!" घरी सांगताना धाकटी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"असू दे," थोरली म्हणाली. "माझ्या डाव्या हाताला सध्या तेवढाही मळ लागत नाही."

पेटी करायला घेतली आणि धाकटीची मती गुंग व्हायला सुरुवात झाली. पट्टीखालची स्प्रिंग मऊ घेतली तर पट्टी दबली की वर येईना, कडक घेतली तर थोरलीचा पाय दुखायला लागला. थोरलीच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, फळ्या कापून दिल्या आणि त्याबरोबर फुकटचे सल्लेही. सर्किटला काय करायचं ते शिकवण्यासाठी कॉम्प्युटरवर ओळी लिहाव्या लागायच्या. त्यातली एक ओळ चुकली की बाकीच्या सगळ्या रुसून बसायच्या. कानाच्या मशीनमध्ये बिघाड असला तर दिसतो तरी. इथे सगळं बरोबर दिसायचं आणि काहीच व्हायचं नाही.

एका रविवारी चादर निघाली. कीबोर्डच्या पाठीमागे दोन गोल सॉकेट होती, एक 'इन', एक 'आउट'. पेटीवर 'आउट' लिहिलेलं, म्हणून धाकटीने सरळ 'आउट'ला 'आउट' जोडलं. थोरलीने पट्टी दाबली. कीबोर्ड मख्ख.

"दोघेही बोलणारे, ऐकणार कोण?" भाऊजी वर्तमानपत्राआडून म्हणाले. "आमच्या घरासारखं."

धाकटीने वायर काढून 'इन'ला लावली. थोरलीने पुन्हा पाय ठेवला.

धडाम! ढोल वाजला आणि त्यावर झांज फुटल्यासारखा आवाज झाला. भाऊजींचं वर्तमानपत्र खाली पडलं. थोरलीने दुसरी पट्टी दाबली, तर घंटा, झांज आणि वर बोंगोची टपली. तिसरीला नुसतेच ढोल, एकाहून एक मोठे.

"अगं, हे काय?" थोरली म्हणाली.

"तेच मला कळत नाहीये, वहिनी. सूर बरोबर दिलेत मी. शपथ!"

थोरली बघतच राहिली. मग ती हसायला लागली. इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. झटक्यानंतर घरात असं हसू ऐकू आलं नव्हतं. धाकटी मात्र घामाघूम होऊन वायरी चाचपत होती.

चूक काय आहे हे कळेपर्यंत तिचे बरेच दिवस डोकं खाजवण्यात गेले. पेटी तिथेच राहिली, कारण थोरली ती हलवू देईना; रोज बसून ढोल बडवायची. शेवटी बँडवाल्याने उलगडा केला. कीबोर्डमधल्या प्रत्येक आवाजाची निरोप ऐकायची वाट वेगळी, तिला चॅनेल म्हणतात. डाव्या बाजूचा आवाज नवव्या चॅनेलवरचे निरोप ऐकायचा, म्हणून धाकटीने नऊ लिहिलं होतं. पण सर्किट मोजायला लागायचं शून्यापासून. त्याचा नऊ म्हणजे माणसाचा दहा, आणि दहावा चॅनेल ढोल-झांजांचा.

"शून्यापासून मोजतं? मग एकाला काय म्हणतं?" धाकटीने विचारलं.

"शून्य," बँडवाला म्हणाला. धाकटीने तो विषय तिथेच सोडला.

तिने नवाचा आठ केला. थोरलीने पट्टी दाबली आणि खोलीत भरदार, गोड कॉर्ड उमटला, अगदी पूर्वी वाजायचा तसा. भाऊजी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि दारात उभे राहिले. थोरलीने एक चाल अखेरपर्यंत वाजवली, "छान झालंय गं," म्हणाली आणि उठली.

त्यानंतर ती कीबोर्डपाशी फिरकली नाही. आधी पाठ दुखते म्हणाली, मग डोकं. काही दिवसांनी कीबोर्डवर इस्त्रीचे कपडे परत आले.

धाकटीला काही सुधरेना. बिघडलेली पेटी ही बाई रोज बडवत होती आणि नीट केल्यावर वाळीत टाकते? तिने स्प्रिंग तपासल्या, वायर बदलली, उंची कमी केली. शेवटी कपड्यांचा ढीग उचलून थोरलीच्या समोर बसली.

"वहिनी, काय चुकलं ते सांगा. मला खरंच कळत नाही."

"तुझं काही चुकलं नाही."

"मग वाजवत का नाही?"

थोरलीने डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर घेतला, मांजर घ्यावं तसा. "तो कॉर्ड ऐकला ना, की वाटतं हा वाजवतोय. मी खाली बघते. हा इथेच पडलेला असतो. ते धडामधुडुम मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. त्यात याची आठवण येत नव्हती."

धाकटीने हातातला कपड्यांचा ढीग खाली ठेवला. जो हात परत द्यायला ती इतकी धडपडली, तोच नको होता. मग आपण नक्की काय केलं, चांगलं की वाईट? आता रडावं की रागवावं, तेही तिला समजेना.

"ढोल परत लावून देऊ?" तिने विचारलं.

"दे. पण नुसत्या ढोलावर चाल कोरडी वाटते." थोरलीने तिच्याकडे जरा तिरकं पाहिलं. "कॉर्ड तू वाजव."

"मी? अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"इतकी पोरं शिकवली, तू काय त्यांच्याहून ढ आहेस? बस डाव्या बाजूला."

धाकटीने आठाचा परत नऊ केला आणि खुर्ची ओढून बसली. थोरलीने उजव्या हाताने तिची बोटं एकेक करून कीबोर्डच्या पट्ट्यांवर ठेवली. करंगळी सारखी घसरत होती.

"मी मान हलवली की दाबायचं."

थोरलीने मान हलवली, ढोल वाजला आणि धाकटी दचकून दाबायचंच विसरली.

"आता?" तिने विचारलं.

"आता नाही गं, मघाशी!" थोरली ओरडली आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.