मथुराबाईचा गोठा

कोथरूडपलीकडच्या वाडीतल्या मेथॉडिस्ट चर्चला सन दोन हजारात पन्नास वर्षं झाली आणि मंडळीनं चर्चचा इतिहास छापायचा घाट घातला. लिहायला बसला कोण, तर संपत साळवे! खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला, मंडळीचा सेक्रेटरी. चर्चला जागा कोणी दिली, तिथं या शहाण्यानं लिहिलं, ‘एका भाविकाने.’

पुस्तिका हातात पडली आणि आनंदीबाईंचा तिळपापड झाला. “भाविक? अरे, माझी आय हाय ती! मथुराबाई लिहिताना तुझी शाई आटली व्हय रं?”

“मावशी, हळू बोला,” संपत म्हणाला. “आपण मेथॉडिस्ट. दारू वर्ज्य. प्रभुभोजनालासुद्धा वाइनऐवजी द्राक्षाचं सरबत देतो. चर्च हातभट्टीतून निघालं म्हणून छापू?”

निघालं होतं तिथूनच, त्याला कोण काय करणार! दारूबंदीच्या दिवसांत विधवा मथुराबाई गोठ्यात भट्टी लावायची. एका रविवारी हवालदार येतोय म्हणताच तिनं मडक्यांवर पोती टाकली, पोत्यांवर गिऱ्हाइकं बसवली आणि चिंचेखाली उपासना घेणाऱ्या उपदेशकाला दंडाला धरून आत आणलं. गिऱ्हाइकांनी असं काही भजन धरलं, की हवालदारानं दारात बूट काढले! वर जाताना म्हणतो कसा, “बाई, पुढच्या रविवारीही येतो.” मेला खरंच यायला लागला. मग दर रविवारी भजन आलंच. वर्षभरात गिऱ्हाइकांचे बाप्तिस्मे झाले. मथुराबाईनं मडकी फोडली, गोठा मंडळीला दिला आणि मरेपर्यंत लोकांची धुणी धुतली. आनंदीबाईंना आईचे ते भेगाळलेले हात आठवले की आजही भडभडून यायचं.

महोत्सवाच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची वेळ आली. साक्ष द्यायला कोणीही उठावं, आणि उठलेल्याला कोणी मध्ये तोडू नये, हा मंडळीचा रिवाज. आनंदीबाई उठल्या. संपतनं कपाळाला हात लावला.

त्यांनी सगळं सांगितलं. पोती, मडकी, हवालदाराचे बूट, काही म्हणता काही वगळलं नाही. पुण्याहून आलेले मोठे पाळकसाहेब रुमालात तोंड लपवून हसत होते. शेवटी आनंदीबाई म्हणाल्या, “दारू गाळली तिनं, आम्हाला जगवायला. सोडली ती तुमच्यासाठी. मला दुसरं काही नको. तिचं नाव लिवा.”

मग मागून भैरू कांबळे उठला. “आमचा आजा त्या पोत्यावर बसला होता.” त्याच्यामागे आणखी दोघं उठले. एक म्हातारी म्हणाली, “आमचे हे तर रोजचे!” सगळे संपतकडे बघायला लागले.

संपत कसाबसा उभा राहिला. म्हणाला, “माझा बाप पहिला. उधारीवाला.”

उपासना सुटल्यावर पुस्तिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन तो बॉलपेननं एकेक प्रत दुरुस्त करत बसला. आनंदीबाई शेजारीच खुर्ची टाकून बसल्या.

“अक्षर नीट काढ,” त्या म्हणाल्या. “पन्नास वर्षांनी लिवतोयस.”