त्रेचाळीस नंबरचा सांधा

पूल दिसायच्या आधीच मागच्या सीटवर मुलीने दोन्ही हात वर केले.

"अजून नाही गं चिमणे," गाडी चालवणारी आई आरशात बघत म्हणाली. "पुढे किती गाड्या आहेत बघ."

हात वरच राहिले. अडीच वर्षांच्या पोरीला 'अजून' म्हणजे किती ते कोण समजावणार? गाडी हातभर सरकली आणि थांबली. शेजारच्या गाडीतला गृहस्थ रोजच्यासारखा गालावरून दाढीचं मशीन फिरवत होता. त्याचा एक गाल उरकला की पूल किलोमीटरभरावर येतो, हे तिला आता पाठ झालं होतं. पुढे शाळेची बस होती. तिच्या मागच्या काचेला गाल टेकून दोन मुलं झोपली होती; घरची अर्धी राहिलेली झोप.

वीस मिनिटांनी पूल आला. पुढच्या गाडीचे लाल दिवे क्षणभर लागले, तिनेही ब्रेकवर पाय ठेवला आणि चाकांखाली दणका बसला.

"धप्प!" मुलगी ओरडली. तिने हात खाली आपटले आणि ती खिदळली.

त्या दणक्यापलीकडे रस्ता तळहातासारखा मोकळा होता. ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक. लोक पुढे गेल्यावर आरशात बघत, आपण एवढा वेळ कशासाठी अडकलो होतो ते शोधत. त्यांना काही दिसत नसे. तिला दिसत असे. पुलाचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक सांधा असतो, त्यावर आडवी लोखंडी पट्टी असते. ती पट्टी एका बाजूने सुटून बोटभर वर आली होती. तेवढ्यासाठी प्रत्येक जण निमिषभर ब्रेक दाबत होता. त्याच्या मागचा जरा जास्त, त्याच्या मागचा आणखी जास्त. असं करत करत चार किलोमीटर मागे माणसं इंजिन बंद करून बसत होती. मुंग्यांच्या रांगेत पहिलीने थबकावं आणि शेवटचीला का ते कधीच कळू नये, तसं.

रस्त्यांची देखभाल करणाऱ्या कार्यालयात ती नोकरीला होती, आणि पूल तपासायचं काम तिचंच होतं.

मुलीला पाळणाघरात सोडून ती कार्यालयाच्या फाटकाशी आली. खुर्चीतून उठून ड्रायव्हरकाकांनी दांडा वर केला आणि रोजचा प्रश्न विचारला.

"काय बाई, उतरला का ताप?"

"उतरला हो काका, कधीच," ती रोजचं हसली आणि आत गेली.

काकांचा हा विनोद चार महिने जुना होता. तेव्हा काका फाटकावर नव्हते, तपासणीच्या गाडीवर होते. तीस वर्षं गाडी चालवून एक ओरखडा नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. दर तीन महिन्यांनी दोघं फेरीला निघत. प्रत्येक पुलाशी गाडी थांबवायची, तिने उतरायचं, सांधे हाताने चाचपायचे, कठडे बघायचे, तक्त्यात लिहायचं. खाली दोघांच्या सह्या: तिची तपासल्याची, काकांची गाडी थांबवल्याची.

त्या दिवशी चाळीस नंबरच्या पुलावर ती गुडघ्यांवर बसली असताना पाळणाघरातून फोन आला. मुलीला सडकून ताप भरला होता. ती उठली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघूनच काकांनी गाडी वळवायला घेतली.

"काका, तीन राहिलेत."

"पूल कुठं पळून जातायत? पोर आधी."

उरलेले तीन दुसऱ्या दिवशी बघू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी मुलगी मांडीवरून उतरेना. तिसऱ्या दिवशी तक्ता द्यायचा होता. तिने एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस या तीन रकान्यांत मागच्या फेरीतलं बघून लिहिलं, 'जैसे थे'. काकांनी पेन घेतलं, बाहीला पुसलं, बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि सही केली.

मुलीला दाढ येत होती, एवढंच निघालं. तक्ता गेला त्याच संध्याकाळी ती पलंगावर उड्या मारत होती.

पुढच्याच महिन्यात काका फाटकावर आले. "गुडघा धरतो आता, क्लच दाबवत नाही. मीच मागून घेतली ही ड्यूटी," म्हणाले. तिला वाईट वाटलं, आणि त्याखाली कुठेतरी हायसंही वाटलं. आता गाडीत त्यांच्या शेजारी बसावं लागणार नव्हतं. तसं हायसं वाटल्याची लाज तिला नंतर आली, सांधा वाजायला लागल्यावर. दुरुस्तीची यादी तोवर तयार झाली होती. यादीत त्रेचाळीस नंबर, हा रोजचा पूल, नव्हता. तिच्याच अक्षरात तो ठणठणीत होता.

ती स्वतःची समजूत घालत असे. कुणी मेलं नाही. कुणाचं हाड मोडलं नाही. कुणाची वीस मिनिटं गेली, कुणाची पंचवीस. ज्याला कुणी फिर्यादीच नाही त्याला गुन्हा म्हणायचं तरी कसं? पुढच्या फेरीत सापडेल आपोआप. फेरीला तीनच आठवडे राहिले होते. खरं तर ती मागच्याच महिन्यात व्हायची. साहेबांनी माणसं कमी म्हणून पुढे ढकलली होती.

संध्याकाळी ती पाळणाघरात गेली तेव्हा पायरीवर एक मुलगी बसली होती. चार वर्षांची असेल. पायांत बूट, पाठीवर दप्तर, आणि नजर रस्त्यावर.

"हिची आई नाही आली अजून?" तिने मावशींना विचारलं.

"येईल, पुलाशी अडकली असेल," पाळणाघराच्या मावशी टॉवेलच्या घड्या घालत म्हणाल्या. "नर्सबाई आहेत ना त्या, पलीकडच्या दवाखान्यात. आधी साडेचारच्या ठोक्याला दारात असायच्या. आता कधी पाच, कधी सव्वापाच. आणि ही बया चार वाजल्यापासून बूट घालून बसते. काढ म्हटलं तर रडते. म्हणते, बूट काढले की आईला उशीर होतो."

तेवढ्यात नर्सबाई धापा टाकत आल्या. गणवेशावरच स्वेटर चढवलेला.

"आले गं बाई, आले! मावशी, माफ करा हं. मी वॉर्डातून वेळेत निघते हो, पण तो मेला पूल! ज्याच्या ताब्यात तो रस्ता आहे ना, त्याच्या घरी सासू यावी. कायमची. सामानासकट."

मावशी खळखळून हसल्या. तीही हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपल्या मुलीच्या बुटाची लेस ती तिसऱ्यांदा बांधते आहे.

"तुम्ही रस्त्याच्याच ऑफिसात आहात ना?" नर्सबाईंनी सहज विचारलं. "सांगा की तुमच्या लोकांना."

"सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दणका बसला, मुलगी खिदळली, काकांनी ताप विचारला आणि ती जिना चढून थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेब पेन्सिलीला टोक करत होते. निवृत्तीला आलेला, आवाज न चढवणारा माणूस. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

साहेबांनी टोक फुंकलं.

"बसा आधी."

ती बसली. त्यांनी खालचा खण ओढून एक कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. अक्षर काकांचं होतं, मोठं, ओळी उतरत गेलेल्या. *गाडीचं इंजिन तापल्यामुळे मी चाळीस नंबरवरून गाडी वळवली. बाई पुढे चला म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. पुढचे पूल मी पाहिलेत, ठीक आहेत, असं मीच त्यांना सांगितलं. चूक माझी आहे.* खाली तारीख होती. तक्ता दिल्यानंतर आठवड्याची.

तिने कागद दोनदा वाचला.

"त्यांचा गुडघा..." ती म्हणाली.

"गुडघ्याला काय झालंय? माझ्याहून भराभर जिने चढतात ते. मी काढलं त्यांना गाडीवरून. एवढं लिहून दिल्यावर काहीतरी करणं भागच होतं."

"पण इंजिन तापलंच नव्हतं साहेब."

"मला माहीत आहे. गॅरेजच्या वहीत तसं काही नाही. पण तीस वर्षांत ज्याने कधी खोटं सांगितलं नाही तो माणूस खोटं बोलायला आला होता. म्हटलं, बोलू दे. चार ओळी लिहिताना घाम फुटला होता त्यांना."

"मग सांधा? तुम्हाला कळलं होतं तर सांधा का नाही..."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांनी तिची नजर टाळली.

"फेरी चुकली असं वर कळवायचं म्हटलं की तुमचं नाव आलंच. तपासनीस ड्रायव्हरच्या सांगण्यावरून पूल पास करते, हे कोण ऐकून घेईल? काका हात जोडून म्हणाले, पोर लहान आहे बाईंचं, नोकरी नवी आहे. मी म्हटलं, बघू पुढच्या फेरीत. मग माणसं कमी पडली, फेरीच लांबली. मीही रोज त्याच रस्त्याने येतो, बाई. मलाही धप्प होतं."

खिडकीबाहेर खाली फाटक दिसत होतं. काका दांड्याला फडकं मारत होते, पूर्वी गाडीला मारत तसं, कडेपासून कडेपर्यंत. ती रोज ज्या रांगेत उभी राहत होती, ती तिला इतके दिवस आपल्या एकटीच्या 'जैसे थे'ची वाटत होती. त्या रांगेत या दोघांची माया उभी आहे, हे तिला माहीत नव्हतं.

"लिहून दिलं तर?" तिने विचारलं.

"आठवड्यात माणसं लावतो. पण मग ते परत खणात ठेवता येणार नाही. पुलांचं काम जाईल तुमच्याकडून, निदान वर्षभर. चौकशी होईल. कदाचित त्याहूनही जास्त." त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. "घरी विचारा एकदा."

"घरी काय विचारू? नवरा रोज माझ्याआधी अर्धा तास त्याच रांगेत असतो."

तिने कोरा तक्ता मागून घेतला आणि वर त्या फेरीची तारीख घातली. त्रेचाळीसच्या रकान्यात लिहिलं, 'या दिवशी मी येथे उतरले नव्हते'. बेचाळीस आणि एक्केचाळीसलाही तेच. खाली दोन सह्यांच्या चौकटी होत्या. एकीत तिने सही केली. दुसरीत आडवी रेघ मारली.

काकांना ते दुपारपर्यंत कळलं. कार्यालयात बातमी जिन्याने नाही, भिंतीतून जाते. संध्याकाळी ती फाटकाशी आली तेव्हा दांडा खालीच राहिला. काका खिडकीशी आले.

"लिहून दिलंत म्हणे."

"हो काका."

"मग मी तीन महिने इथं उन्हात कशाला बसलोय?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"मला विचारायचं तरी," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "माझं खोटं होतं ते. मोडायचं होतं तर मला विचारून मोडायचं."

"तुम्ही तरी मला कुठे विचारलं होतं?"

काकांनी दांडा वर केला. सवयीने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताप विचारला नाही. त्यानंतरही नाही. तिला आता मधल्या खोलीत एक टेबल मिळालं होतं, खिडकीपासून लांबचं. तिथे ती जुने तक्ते गठ्ठ्यांत लावत होती. पुलावर माणसं लागली. एक बाजू बंद झाली आणि कोंडी चार किलोमीटरची सहा झाली. रांगेत लोक काचा खाली करून रस्तेवाल्यांचा उद्धार करत होते. ती काच खाली ठेवूनच बसत असे.

सोमवारी काम संपून रस्ता अडवणारे शंकू उचलले गेले होते. मुलीने पूल दिसायच्या आधीच हात वर केले. शेजारी दाढी करणारा गृहस्थ आज दिसला नाही. रांगच नव्हती, तो पुढे निघून गेला असणार. गाडी पुलावर चढली आणि पुलावरून उतरली.

मुलीचे हात वरच होते.

"आई, धप?"

"गेलं गं."

"कुठे?"

पाळणाघर उघडायला अजून अवकाश होता. तिने गाडी तिकडच्या गल्लीत वळवली नाही, मुलीला घेऊन सरळ फाटकाशी आली. काका उठले. दांड्याला हात लावला आणि थबकले. मागच्या सीटवर त्यांनी या मुलीला कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी एकदा गाडी वळवली होती, तेवढीच ओळख.

तिने मागची काच खाली केली.

"धप गेलं," मुलीने त्यांना सांगितलं. तक्रार केल्यासारखं.

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं, हात विजारीला पुसला आणि आत घालून तिच्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला. ताप बघायला एवढा वेळ लागत नाही. मुलगीही न हलता बसून राहिली.

"गार आहे," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता, दांड्याला सांगितल्यासारखं. आणि त्यांनी दांडा वर केला.