कळसच्या शिवारातून न गेलेलं इंजिन

खट्ट! पाटावरची लेखणी जमिनीवर पडली.

घरात सगळे निजले होते. पाच दिवसांची बाळंतीणही निजली होती, तिच्या कुशीतलं बाळही. बाहेर नुकतं फटफटत होतं.

"सटवाईचं लिवून झालं बघ," बाळाच्या आजी द्वारकाबाई अंथरुणातूनच पुटपुटल्या.

मित्रांनो, ते लिहिणं माझ्या पाठीवर झालं. मी एक जुनं इंजिन आहे. इतकं जुनं, की माझा जन्म व्हायचा राहूनच गेला.

१९५५ सालची गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावचा महिपती दौंडला रेल्वेत फायरमन होता. दिवसभर भट्टीत कोळसा लोटायचा, आणि महिन्यातून दोनदा घरी यायचा. एकदा त्याच्या ड्रायव्हरनं पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. दूरदेशी शहाणी माणसं म्हणे अणूवर चालणारं इंजिन बांधायचा विचार करत होती. मूठभर इंधनावर ते महिनोन् महिने धावणार होतं.

महिपतीला राहवलं नाही. त्यानं मोठा कोरा कागद मिळवला आणि निळ्या पेन्सिलीनं मला काढलं. जाड भिंतींचं पोट दिलं, पुढे दोन दिवे दिले, धुराडं मात्र दिलं नाही. माझ्याखाली त्यानं रूळही काढले, बारामतीहून कळसवरून थेट इंदापूरला. खरे रूळ बारामतीलाच संपत होते. पण पेन्सिलीला कोण अडवणार?

गावी आल्यावर त्यानं मला पारावर पसरलं. शेजारचा गेणू वाकून बघायला लागला.

"कोळसा न्हाय म्हनतोस. मग महिपतराव, तुमी काय करनार? खिडकीत बसून इड्या वढनार?"

"मी कशाला बसतोय तितं? मी घरी ऱ्हानार. बाळ व्हनार हाय आमाला."

सगळे हसले. महिपती हसला नाही. मला तेव्हा वाटलं, या माणसानं मला धावण्यासाठी काढलेलंच नाही. घरी येता यावं म्हणून काढलंय.

मुलगी झाली. पाचवीच्या पूजेला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. द्वारकाबाईंना आढ्याजवळ खोचलेला मी सापडलो. त्यांना दिसली ती माझी कोरी बाजू. तीच त्यांनी वर करून ठेवली.

सकाळी महिपतीच्या बायकोनं, सिंधुबाईनं, कागद उलटला आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, हा तर ह्यांच्या इंजिनाचा कागद! जाळू का?"

"खुळी का काय तू? पोरीचं नशीब हाय त्येच्यावर. त्येच जाळतीस?"

सिंधुबाईला मी जाळवेना, आणि समोर ठेवायची भीतीही वाटे. शेवटी तिनं मला लुगड्यांच्या तळाशी पेटीत ठेवलं.

पुढे बातम्या आटल्या. माझं पोट फार जड होणार होतं, खर्च फार होता, आणि पोटातल्या त्या विस्तवाची सगळ्यांना धास्ती होती. मला कुणीच बांधलं नाही. महिपती कोळसाच लोटत राहिला.

पण ती मुलगी, झुंबर, वाढत होती. तीन वर्षांची झाली तशी जेवता जेवता थांबायची. मान तिरकी करायची.

"आये, गाडी आली."

कळसला कसली गाडी! एकदा ती उसापलीकडच्या बिनकठड्याच्या विहिरीशी सापडली. एक पाय काठाबाहेर होता. म्हणाली, "रुळाचं फाटक उघडं व्हतं की." त्या दिवसापासून सिंधुबाई पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधून भाकऱ्या थापायची. पोर हलली की पदर ताणायचा, आणि भाकरीवरचा हात थांबायचा.

मित्रांनो, मी तिला बोलावत नव्हतो. मला शिट्टीच नाही, महिपती ती काढायला विसरला होता. पण माझ्या पाठीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. स्वतःची पाठ कुणाला दिसते? जे लिहिलं असेल तिकडे मला जावं लागतं. म्हणून सांगतो, कुणाच्या हातचा कागद घेण्याआधी तो उलटून पाहत जा. मागच्या बाजूला कुणीतरी वाट बघत असतं.

पौषातली दुपार होती. पदराची गाठ सुटली, आणि सिंधुबाईला ते उशिरा कळलं. पिठाच्या हातांनी ती धावत सुटली. विहिरीच्या काठावर तिनं झुंबरला धरलं आणि तिथंच बसली.

वारा नव्हता. तरी समोरची ज्वारी वाकली, दोन सरळ ओळींत, रुळांइतक्या अंतरावर. त्या ओळी बारामतीच्या बाजूनं त्यांच्याकडेच येत होत्या. सिंधुबाईनं लेकीला छातीशी आवळलं आणि डोळे मिटले.

मी गेलो. दोघींच्या अंगावरून, एकही केस न हलवता गेलो. माझ्यामागे ज्वारी पुन्हा उभी राहिली.

"आये," झुंबर म्हणाली, "गाडीत एक म्हातारी व्हती. पांढऱ्या केसांची. ती मीच व्हते."

सिंधुबाईनं डोळे उघडले.

"म्हातारी? खरंच म्हातारी व्हती?"

"व्हय. दात बी नव्हतं."

सिंधुबाई हसायला लागली. हसता हसता रडली, पिठाच्या हातांनी लेकीचे गाल पांढरे करून टाकले. "जगशील गं माझे बाय, लई जगशील!"

झुंबर इंदापूरच्या बाजूला बघत होती. मग तिनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"पन आये, माझ्याजवळ तू का नव्हतीस?"