सुकरीचे टाके

सुकरीला वॉर्डात आणलं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीने नाकाला पदर लावला. मी तिला असं काही झापलं की संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. नर्सने गोड बोलावं म्हणतात. असल्या वेळी मला नाही जमत.

सुकरी भामरागडच्या पलीकडची, माडिया. पहिल्या बाळंतपणात बाळ अडलं, त्यात नदीला पूर, रस्ता बंद. नवऱ्याने, पत्रूने, तिला खाटेवर घालून काठापर्यंत आणलं आणि तिथेच सगळे अडकले. बाळ पोटातच गेलं. त्याच्या डोक्याच्या दाबाने आतलं मांस सडलं, लघवीच्या पिशवीला भोक पडलं आणि तेव्हापासून लघवी सतत गळत राहिली. त्यांच्याकडे पाळीतली बाई गावाच्या कडेला कुर्म्यात राहते. कुर्मा म्हणजे ठेंगणी झोपडी. बाप्या माणसाने तिच्या जवळ जायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. सुकरीचं ओलेपण थांबेचना, म्हणून ती कुर्म्यातच राहिली. दोन वर्षं. पत्रू लांबवर भात ठेवून परत फिरायचा.

आमच्या डॉक्टर दीपाली मॅडमनी ते भोक शिवलं. ऑपरेशन चांगलं झालं. आत लघवीची नळी ठेवली, नळीला बाहेर पिशवी लावली.

"हिला पाणी भरपूर पाजा," मॅडमनी पत्रूला बजावलं. "आणि नळी वाहती राहू द्या. ती अडली तर आत लघवी साचून टाके तुटतील."

पत्रूने ते माडियात सुकरीला सांगितलं. पुढच्या काही दिवसांत तिची चादर कोरडी राहू लागली. ती सारखी हाताने चाचपून बघायची आणि हसायची. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

"आता घरी नेतो हिले," पत्रू म्हणाला. "चुलीपाशी बसन माह्या."

त्या दिवशी माझी दुपारची ड्युटी होती. आले तर खाट रिकामी. शोधत दवाखान्याच्या मागे गेले, तर भिंतीच्या आडोशाला सुकरी उकिडवी बसलेली, पोट धरून. पत्रू बराच लांब, तिच्याकडे पाठ करून.

"काऊन आणली हिले इथी?" मी ओरडले.

"मी नाई आणली. पाळी आली न बाई तिले. आपल्यानंच उठून आली."

"आणि तू बसून राह्यला?"

"पाणी देल्लं ना मी. डाक्टरबाईनं सांगतलं तसंच. तांब्या ठेवून मागं सरत होतो, ते पेत होती. सकाळपासून लय पाणी पेली."

मी तिला उठवलं. नळी मांडीखाली दुमडून चेपली होती. पिशवीत थेंब नव्हता. पोट फुगून दगडासारखं झालेलं, आणि ती बिचारी ते पाळीचं दुखणं समजून सोसत बसली होती. मी घाईने नळी सरळ केली. पण तिचे पाय आधीच भिजले होते.

मॅडमनी तपासलं आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. टाके तुटले होते. जखम भरल्याशिवाय पुन्हा शिवता येणार नव्हतं, म्हणजे तीन महिने थांबणं आलं. तेव्हा भर पावसाळा असणार आणि भामरागडचा रस्ता बंद असणार. पत्रूला हे सांगायची गरज नव्हती. तो खाली बघत उभा होता.

माझा संताप कुणावर काढावा तेच कळेना. दोघांनीही सांगितलेलं सगळं नीट पाळलं होतं, आमचंही आणि गावाचंही.

सुकरीने पत्रूला हळूच काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारून राह्यली, वार्डातल्या लेकराइले तिच्या विटाळानं काई झालं तं नाई? पाळी आल्यावर तिथून निघाले उशीर झाला म्हणते."

"नाई," मी म्हटलं. "सगळी बरी आहेत."

पत्रूने तिला ते सांगितलं. तिने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.